सौ.ची सायकल

“आणि घरातल्याच माणसानं मुद्दाम खराब केली तर?” आईनं विचारलं.

अभिनंदन चौगुलेचं टॅबवरचं बोट थांबलं. सायकलच्या दुकानदारानं पाठवलेला तो विमा एजंट. आठवी ते दहावी आईकडे गणिताच्या शिकवणीला येत होता, म्हणून अजूनही खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता.

“घरातल्याच म्हणजे, बाई?”

“म्हणजे घरातल्या. एका छपराखाली राहणाऱ्या.”

“आपल्याच घरातली सायकल कोण कशाला खराब करेल?”

“ते मी बघते. तू कागदात काय लिहिलंय ते बघ.”

मी खिडकीशी दिवाणावर पुस्तक उघडून बसले होते. बराच वेळ पान उलटलं नव्हतं. माझ्या कुर्त्याच्या खिशात त्याच सायकलीच्या मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह होता.

ही सहा वर्षांपूर्वीची, मिरजेतली गोष्ट. माझे वडील, नाना, जाऊन सव्वीस दिवस झाले होते. सकाळी पेपर वाचता वाचता गेले. पेपर खाली पडल्याचा आवाज आईनं स्वयंपाकघरात ऐकला, एवढंच. मी पुण्याहून पोचले तेव्हा त्यांचा चष्मा त्यांच्या सवयीप्रमाणे घडी घालून डबीत ठेवलेला होता. तो कुणी ठेवला, आईलाही आठवत नव्हतं.

नाना पाणीपुरवठा खात्यात स्टोअरकीपर होते आणि घरातही तेच होते. बिस्किटांचे, गोळ्यांचे, पावडरीचे रिकामे डबे धुऊन त्यांत ते खिळे, वॉशर, दोऱ्या, किल्ल्या ठेवत आणि प्रत्येक डब्यावर पांढरी चिठ्ठी डकवत. आत काय आहे, कशाचं आहे, कधीचं आहे. ‘फ्यूज तार – जुनी.’ ‘बिजागरी – मागचं दार – ८७.’ तेराव्यानंतर मला एका डब्यावर ‘बटणं – निरूचा फ्रॉक – ९१’ अशी चिठ्ठी दिसली आणि मी तो डबा मांडीवर घेऊन तासभर रडले. मग पुण्याला न्यायच्या बॅगेत ठेवला.

आईही तेराव्यापर्यंत रडत होती. चौदाव्या दिवशी तिनं नानांचं कपाट आवरायला घेतलं, दार लोटून घेतलं, आणि संध्याकाळी बाहेर आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. ते पुन्हा ओले झालेले मला दिसले नाहीत. मला वाटलं, धक्का असेल. मग वाटलं, इतक्यात संपलं? आणि चोविसाव्या दिवशी दारात टेम्पो थांबला आणि त्यातून सायकल उतरली.

गडद निळी, सात गिअरची, पुढे टोपली. हँडलवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

“कुणाची?” मी विचारलं.

“माझी.”

“आई, अजून महिनासुद्धा झाला नाही.”

“सुतक तेरा दिवसांचं असतं. फिटलं.”

“मी सुतकाचं नाही म्हणत.”

“मग कशाचं म्हणतेस?”

मला सांगता येईना. पुण्यात मी एका प्रकाशन संस्थेत संपादनाचं काम करते. विधवांनी काय करावं आणि काय करू नये हे ठरवणाऱ्यांविषयीची हस्तलिखितं दर वर्षी माझ्या हाताखालून जातात, आणि मी त्यांच्या समासात तिखट शेरे लिहिते. त्या दिवशी माझ्याच तोंडून निघालं, “गल्लीत लोक काय म्हणतील?”

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, की शिकवणीतल्या पोरांचं काय होत असेल ते मला कळलं.

“बासष्टाव्या वर्षी पडलीस म्हणजे?” मी दुसऱ्या बाजूनं शिरले.

“विमा काढणार आहे. विचारलंय दुकानात.”

सायकल तिनं पुढच्या खोलीतच ठेवली. नानांच्या फोटोच्या बरोबर खाली. हाराचं टोक हँडलला लागत होतं.

“निदान मागच्या पडवीत तरी ठेव.”

“इथंच राहील. ह्यांच्या नजरेसमोर.”

हे ती ज्या आवाजात म्हणाली तो मला आजही ऐकू येतो. तेव्हा मला तो माजाचा वाटला. चाळीस वर्षं ज्यांच्याबरोबर काढली त्या माणसाला ती वेडावून दाखवते आहे असं वाटलं, आणि मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं जाहीर केलं, “उद्या सकाळी स्टेशनकडे जाऊन येणार. शमीमकडे.”

शमीमभाभी आमच्या जुन्या शेजारी. त्यांचे यजमान सतारी बनवायचे. माझ्या जन्माआधी कशावरून तरी दोन्ही घरांचं फाटलं, पुढे ते लोक घर बदलून स्टेशनजवळ गेले. रस्त्यात भेटल्या तरी आई आणि त्या एकमेकींना ओळख देत नसत. का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

“छत्तीस वर्षं जिच्याशी बोलली नाहीस तिच्याकडे? आणि सायकलवरून?”

“सायकलवरूनच. तिला दिसली पाहिजे सायकल.”

म्हणजे मिरवायला. नाना गेले, आता बघा मी कशी फिरते, हे दाखवायला. मला दुसरा अर्थ दिसलाच नाही, खरं तर मी तो शोधलाच नाही. संध्याकाळी आई देवळात गेली तेव्हा मी मागच्या चाकापाशी उकिडवी बसले, व्हॉल्व्हची चकरी फिरवली आणि तो ओढून काढला. हवा एका दमात गेली. हाराची पाकळी हलली, इतक्या जोरात गेली.

हे मला नानांनीच शिकवलं होतं. सातवीत त्यांनी मला मैदानावर सायकल शिकवली. सीट धरून मागे धावायचे. आणि मग म्हणाले, क्लासला गेलीस की व्हॉल्व्ह काढून खिशात ठेवायचा. कुलूप तोडता येतं, हवा नसलेल्या सायकलवरून पळता येत नाही. मला ती युक्ती इतकी आवडली होती, की मी वर्गात सगळ्यांना सांगितली होती.

सकाळी आई पदर खोचून बाहेर आली. सायकलीला हात लावताच थांबली. वाकून मागचं टायर अंगठ्यानं दाबलं. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते. ती ओरडेल, निदान विचारेल, म्हणून मी उत्तरं जुळवून ठेवली होती. तिनं काही विचारलं नाही. सायकल पुन्हा फोटोखाली सरळ केली, चहा टाकला, आणि फोन लावला. “अभिनंदन, तू पुढच्या आठवड्यात येणार होतास ना? आज ये.”

आणि आता तो समोर बसला होता.

“बाई, मी थोडक्यात सांगतो. तीन प्लॅन आहेत. सिल्व्हरमध्ये फक्त चोरी. गोल्डमध्ये चोरी अधिक अपघातात झालेलं नुकसान. आणि प्लॅटिनममध्ये हे सगळं, अधिक तुम्हाला स्वतःला लागलं तर दवाखाना, अधिक रस्त्यात सायकल बंद पडली तर माणूस येतो.”

“काय मिळणार ते राहू दे. काय नाही मिळणार ते आधी वाच.”

“ते शेवटी असतं, बाई. बारीक अक्षरात.”

“म्हणूनच. पेपर सोडवताना तुला काय सांगायची मी?”

“शेवटची ओळ आधी वाच,” चौगुले शहाण्या मुलासारखा म्हणाला आणि वाचू लागला. शर्यतीत भाग घेतला तर नाही. भाड्यानं दिली तर नाही. कुलूप न लावता सोडली तर नाही. झीज, गंज, पंक्चर, नाही.

“फक्त हवा गेली तर?” आई म्हणाली.

“हवा?” तो हसला. “हवेचा विमा अजून निघाला नाही, बाई.”

“हवा आपोआप गेली नाही. कुणी काढली.”

“खोडसाळपणा असेल तर... म्हणजे बाहेरच्यानं केला, तर गोल्डमध्ये बसेल बहुतेक. नुकसान दिसायला पाहिजे.”

“तेच विचारतेय मघापासून. बाहेरच्यानं नाही. घरातल्यानं.”

मी पुस्तक मिटलं. “आई, जे बोलायचं असेल ते सरळ बोल.”

“मी सरळच विचारतेय. त्याला सापडत नाही.”

“त्याला कशाला मध्ये घेतेस?”

चौगुलेनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “मी ऑफिसला फोन करून विचारतो,” तो उठत म्हणाला. “इथं रेंज नाही.” रेंज चांगली होती. तो फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला आणि आमच्याकडे पाठ केली.

मी खिशातून व्हॉल्व्ह काढला आणि टीपॉयवर आपटला.

“हो, मी काढला. पुरावा हवा होता ना, घे. परक्या माणसासमोर मला आडून आडून बोलायची गरज नव्हती.”

“आडून कामं करणाऱ्याशी सरळ कसं बोलतात, ते मला येत नाही.”

“तुला नानांचं काहीच वाटत नाही. एवढा हारही सुकला नाही अजून. त्याच्याखाली ही आणून उभी केलीस, आणि आता हिचा विमा. ते असते तर तुझी हिंमत झाली नसती.”

“नसती झाली,” आई म्हणाली. “खरंय तुझं.”

ती उठून आतल्या खोलीत गेली. मला वाटलं, आता रडेल. आणि त्या क्षणी मला तेच हवं होतं. पण ती लगेच बाहेर आली आणि एक चपटा डबा टीपॉयवर माझ्या व्हॉल्व्हशेजारी ठेवला. खोकल्याच्या गोळ्यांचा, गंजलेल्या कडांचा. त्यावर पांढरी चिठ्ठी.

‘व्हॉल्व्ह – सौ.ची सायकल – ८३.’

“उघड.”

आत पितळेचे व्हॉल्व्ह होते. काळे पडलेले. त्यांच्यावरचं रबर सुकून चुरा झालं होतं.

“अकरा आहेत,” आई म्हणाली. “मोजायची गरज नाही. मला पाठ आहेत.”

“कसले?”

“मी शाळेत होते, माहीत आहे तुला?”

“लग्नानंतर थोडे दिवस होतीस. मग सोडलीस.”

“असं कोण म्हणालं?”

नाना म्हणाले होते. आई हुशार, पण तिला धावपळ झेपली नाही, म्हणून शाळा सोडली आणि घरबसल्या शिकवण्या धरल्या. हे ते कौतुकानं सांगायचे.

“सोडली नाही मी,” आई म्हणाली. “मालगावच्या रस्त्याला होती शाळा. सात किलोमीटर. पहिलं वर्ष तात्पुरतं, मग कायम करणार होते. साडेसातला प्रार्थना. एसटीचा भरवसा नव्हता म्हणून दादानं सायकल घेऊन दिली. जून-जुलै बरे गेले. मग एका सकाळी बघते तर चाक बसलेलं, व्हॉल्व्ह नाही. सायकलचं दुकान नऊला उघडायचं. पोचले साडेनऊला. आठ दिवसांनी पुन्हा. मग पुन्हा.”

मी डब्यातल्या व्हॉल्व्हवरून बोट फिरवलं.

“एक जादा आणून ठेवला तर पंपाचा वॉशर नाहीसा झाला. आणि संध्याकाळी ऑफिसातून येताना हे स्वतः नवा व्हॉल्व्ह आणायचे. गुडघे टेकून बसवायचे. हवा भरून द्यायचे. म्हणायचे, शेजारची पोरं वाह्यात आहेत, काय करणार. मी मनात म्हणायची, कुणाचा नवरा करतो एवढं?”

“आई, कदाचित त्यांनी ते नंतर कुठून तरी गोळा...”

“चिठ्ठी वाच.”

मी वाचली होती. ‘बटणं – निरूचा फ्रॉक’मधला ‘च’ आणि हा ‘च’, दोन्हींची शेपटी सारखीच मागे वळलेली. त्यांचं अक्षर माझ्याइतकं कोण ओळखणार होतं?

“मार्चमध्ये हेडमास्तरांनी शेरा दिला. ‘शिकवतात उत्तम. वेळेवर येत नाहीत.’ कायम केलं नाही. त्या दिवशी मी घरी आले आणि तशीच शमीमच्या दारात गेले. काय काय बोलले तिला. तुमची जात, तुमची पोरं, सगळं. ज्या बाईच्या पोराला मी फुकट पाढे शिकवत होते, तिला. तिचा फिरोज नऊ वर्षांचा. कुराणाची शपथ घेतली त्यानं. तरी त्याच्या बापानं सतारीची दांडी घेतली आणि माझ्यासमोर त्याला मारला. मी थांबवलं नाही. बरं झालं म्हणत उभी राहिले. हे पण उभे होते माझ्या शेजारी.”

“नाना?”

“उभे होते. म्हणाले, जाऊ द्या, लहान आहे.”

बाहेर चौगुले फोन कानाला लावून कुणाशीच बोलत नव्हता.

“फेकून का नाही दिले त्यांनी हे?” मी विचारलं. एवढा एकच प्रश्न मला सुचला.

“स्टोअरकीपर माणूस. चांगली वस्तू फेकवत नसणार.” आईनं टीपॉयवरचा माझा व्हॉल्व्ह उचलला, बोटांत फिरवून पाहिला. “तुला कुणी शिकवलं हा काढायला?”

उत्तराची तिला गरज नव्हती. तिनं तो डब्यात टाकला आणि झाकण दाबून बसवलं.

माझा राग कुठे गेला नव्हता. तो तिथेच होता, तेवढाच होता, फक्त आता त्याला टेकायला भिंत नव्हती. मी फोटोकडे पाहिलं. नाना नेहमीसारखे समोर पाहत होते, म्हणजे सायकलीकडे.

“काढू का तो खाली?” मी विचारलं.

“कशाला? राहू दे. बघू दे त्यांना.”

चौगुले खाकरून आत आला. “विचारलं, बाई. पॉलिसीधारक, त्याच्या कुटुंबातली व्यक्ती किंवा घरातला नोकर, यांनी हेतुपुरस्सर केलेलं नुकसान कव्हर होत नाही. कुठल्याच प्लॅनमध्ये नाही. प्लॅटिनममध्येसुद्धा नाही.”

“दुसऱ्या कंपनीत?”

“कुठल्याच कंपनीत नसेल, बाई. घरातल्यांपासून कोण विमा देणार?”

“बरं,” आई म्हणाली. “मग तो गोल्ड दे. चोरी आणि अपघात. बाकीचं मी बघेन.”

तो भराभर माहिती भरू लागला. नाव विजया श्रीपाद देशिंगकर. वय बासष्ट. सायकल कुठे ठेवता? घरात. मग तो माझ्याकडे पाहून हसला, सगळं मिटलं असावं अशा आशेनं. “आणखी कुणी चालवणार असेल तर त्यांचं पण नाव टाकता येतं. जादा काही लागत नाही. ताईंचं टाकू?”

“नको,” आई म्हणाली.

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. खाली मान घालून टॅब तिच्यापुढे केला आणि तिनं बोटानं सही केली.

तो गेल्यावर आईनं पर्सच्या आतल्या कप्प्यातून एक कागदाची पुडी काढली. आत नवे व्हॉल्व्ह होते, चार.

“दुकानातूनच घेऊन ठेवलेत,” ती म्हणाली. “या वेळी.”

ती मागच्या चाकापाशी बसली. गुडघ्यांनी त्रास दिला तरी तिनं माझा हात घेतला नाही. व्हॉल्व्ह बसवला, चकरी आवळली आणि नवा पंप माझ्या पायाशी सरकवला.

“भर.”

मी हवा भरली. ती टायर दाबत होती. “अजून,” म्हणाली. “अजून.” माझे दंड भरून आले तरी म्हणत राहिली. मग उठली, सायकल दाराबाहेर काढली, पदर खोचला. पहिल्यांदा पाय टेकला, दुसऱ्यांदा हँडल डगमगलं. तिसऱ्यांदा ती निघाली. गल्लीच्या तोंडापर्यंत एकदाही वळून पाहिलं नाही. दोन घरांतून माणसं बाहेर आली होती. लोक काय म्हणत होते ते मी ऐकलं नाही.

जेवणाच्या वेळेला परत आली. घामानं चेहरा लाल झाला होता. मी पान वाढलं.

“काय म्हणाल्या?”

“दारातच उभी केली. सगळं ऐकून घेतलं. सायकलकडे बघितलं. मग म्हणाली, मला काय सांगतेस? फिरोजला सांग.”

“तो कुठे असतो?”

“कोल्हापुरात. वाद्यांचं दुकान आहे.” आईनं आमटीत भात कालवला. “उद्या जाते. सायकलनं नाही, एसटीनं.”

मी पण येऊ का, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. तिनं मीठ मागितलं. मी दिलं.

त्या विम्याचं नूतनीकरण ती दर वर्षी चौगुलेला घरी बोलावून करत असे. पाच वर्षं तिनं ती सायकल चालवली. चोरी झाली नाही, अपघात झाला नाही. माझं नाव त्या कागदावर कधी चढलं नाही, आणि मी विचारलं नाही. आमच्यात बोलणं होतं. सणाला जात होते, तिला पुस्तकं नेत होते, ती ती वाचून त्यांतल्या चुका दाखवत होती. त्या सकाळीविषयी आम्ही दोघी पुन्हा बोललो नाही.

या मार्चमध्ये आई गेली. दहाव्याला फिरोजभाई कोल्हापूरहून आले, चहा न घेता अर्धा तास बसले, आणि जाताना सायकलीच्या सीटवर हात ठेवून गेले.

घर आवरताना तिच्या कपाटात मला तो चपटा डबा सापडला. नानांची चिठ्ठी तशीच होती. तिच्याखाली तिनं आणखी एक डकवली होती. त्या घरात राहून तिलाही ती सवय लागली असावी. शिकवणीच्या वहीतला रेघांचा कागद, लाल शाई, सुबक अक्षर.

‘अकरा ह्यांचे. एक निरूचा.’